पत्र्याआडचा गोंद

घरात नवी फरशी बसवून झाली की जाणता मिस्त्री हातात नाणं किंवा लाकडी दांडा घेऊन खोलीभर फिरतो आणि एकेका टाइलवर टकटक करतो. बहुतेक टाइल खणखणीत वाजतात. एखादी मात्र बद्द वाजते. "ही पोकळ आहे, काढावी लागेल," तो सांगतो. वरून पाहिलं तर दोन्ही टाइल सारख्याच दिसतात. खालच्या मसाल्याने एकीला धरलंय आणि दुसरीला नाही, हे त्याला वरच्यावर कळलं कसं?

या प्रश्नाचं नीट उत्तर १९८८ साली पीटर कॉली आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या दोन ब्रिटिश अभियंत्यांनी दिलं. नाणं टाइलवर आपटतं तेव्हा ते क्षणभर तिला टेकून परत उसळतं. खालून पक्की धरलेली टाइल जवळजवळ दबतच नाही, म्हणून नाणं लगेच उसळतं. अशा आखूड, कडक धडकेत उंच पट्टीचे आवाजही भरपूर असतात. पोकळीवरची टाइल किंचित वाकते, नाणं तिच्यावर जरा जास्त वेळ रेंगाळतं, धडक मवाळ होते आणि उंच पट्टीचे आवाज उमटतच नाहीत. उरतो तो बद्द आवाज. म्हणजे मिस्त्री टाइलचा आवाज जितका ऐकतो, तितकाच धडकेचाही ऐकतो.

कॉली आणि अ‍ॅडम्स यांना फरशीची काळजी नव्हती. विमानांचे चिकटवलेले भाग तपासणारे तंत्रज्ञही अगदी असंच करतात: नाणं किंवा छोटी हातोडी घेऊन पत्र्यावर टकटक करत फिरतात. पोकळी पत्र्याच्या लगेच खाली आणि बऱ्यापैकी मोठी असेल तर ती सापडते. खोल असेल, लहान असेल, किंवा तपासायचा पृष्ठभागच प्रचंड असेल, तर कानावर भिस्त ठेवून चालत नाही.

विमानं गोंदाने जोडतात?

हो, आणि बऱ्याच काळापासून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या डक्सफर्ड इथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या कंपनीने धातूला धातू चिकटवणारा रेडक्स नावाचा गोंद तयार केला. डी हॅविलंड कंपनीच्या विमानांत तो लवकरच वापरात आला. पत्रे रिव्हेटने, म्हणजे धातूच्या खिळीने, जोडायचे तर आधी पत्र्याला भोक पाडावं लागतं, आणि पत्र्यावरचा ताण नेमका त्या भोकाच्या कडेला एकवटतो. चीर बहुधा तिथूनच सुरू होते. गोंद मात्र तोच भार सगळ्या सांध्यावर पसरवतो, भोक लागत नाही आणि पातळ पत्रेही जोडता येतात.

कार्बन-तंतूंच्या संमिश्र पदार्थांत तर भोक पाडणं म्हणजे भार वाहणारे तंतूच कापणं. बोइंग ७८७ च्या ढाच्याच्या वजनातला जवळपास निम्मा वाटा अशा संमिश्रांचा आहे, आणि त्याचं कवच ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या त्या कवचाशीच एकजीव केलेल्या असतात. आपल्या तेजस लढाऊ विमानाचे पंखही कार्बन-तंतूंचेच. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना आपण पाहतो. पवनचक्कीचं पातं म्हणजे बहुधा दोन लांब कवचं कडेने आणि आतल्या कण्याशी गोंदाने जोडून केलेला पोकळ सांगाडा असतो.

गोंदाची अडचण एकच, पण ती मोठी आहे. रिव्हेट सैल झाला तर दिसतो. गोंदाचा थर दोन पत्र्यांच्या मधे असतो, मिलिमीटरच्या दशांशाएवढा पातळ, आणि तो सुटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही.

२८ एप्रिल १९८८

हवाई बेटांमधल्या हिलोहून होनोलुलूला निघालेलं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ सुमारे २४,००० फुटांवर पोहोचलं आणि त्याच्या पुढच्या भागाचं सुमारे १८ फूट लांबीचं छत फाटून उडून गेलं. क्लॅराबेल लॅन्सिंग या ज्येष्ठ हवाई सेविका बाहेर फेकल्या गेल्या. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. उरलेले ९४ जण वाचले, कारण वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं.

विमान १९६९ सालचं होतं आणि त्याची ८९,६८० उड्डाणं झाली होती. बेटाबेटांमधली छोटी उड्डाणं, आणि प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने धड एकदा फुगायचं, एकदा सैल व्हायचं. सुरुवातीच्या ७३७ विमानांत धडाच्या पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून थंड प्रक्रियेने चिकटवल्या जात आणि शिवाय रिव्हेटच्या तीन रांगा मारल्या जात. भार मुख्यतः गोंदाने वाहावा असा हिशेब होता. पण हा गोंद काही ठिकाणी नीट धरलाच नाही. सुटलेल्या जागेत ओल शिरली, पत्रा गंजला आणि गोंदाचा भार रिव्हेटांवर आला. रिव्हेटांच्या भोकांच्या कडांना बारीक चिरा पडल्या. एका रांगेतल्या अशा पुष्कळ चिरा एकमेकींना मिळाल्या आणि पत्रा फाटला.

या अपघाताच्या अधिकृत चौकशी अहवालात एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. विमानाच्या माथ्यावरचे रिव्हेट तपासायला तंत्रज्ञ परांचीवर चढत, धडावर उभे राहत, कधी पडू नये म्हणून हँगरच्या छताला बांधलेल्या दोराचा आधार घेत, आणि हातातल्या दिव्याच्या उजेडात एकामागून एक रिव्हेट न्याहाळत. हे काम अतिशय कंटाळवाणं आहे, असं अहवालाने स्पष्ट म्हटलं आहे. माणूस कितीही निष्ठेने काम करणारा असला तरी हजाराव्या रिव्हेटवर त्याचं लक्ष पहिल्या रिव्हेटइतकंच राहील, हे गृहीत धरणंच चूक होतं. अपघातानंतर अमेरिकेत जुन्या विमानांच्या तपासणीवर मोठं संशोधन सुरू झालं. एका जागी उभं राहून लांबवरचा सांधा तपासता येईल का, हा त्यातला एक प्रश्न होता.

तळं आणि पाट

श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा अल्ट्रासाउंड, तपासणीत आधीपासून होताच. सोनोग्राफीप्रमाणे पत्र्याला जेल लावून त्यावर प्रोब टेकवायचा. ध्वनी सरळ आत जातो, गोंद सुटलेल्या जागी हवेला आपटून परततो. ही पद्धत उत्तम आहे, पण ती प्रोबच्या खालच्याच जागेबद्दल सांगते. सगळा पत्रा तपासायचा तर प्रोब इंचाइंचाने फिरवावा लागतो.

इथे लहरींचा दुसरा एक स्वभाव उपयोगी पडतो. तळ्यात खडा टाकला तर वर्तुळं पसरतात आणि पसरता पसरता विरून जातात. तोच खडा अरुंद पाटात टाकला तर लाट दोन्ही काठांच्या मधे अडकते, बाजूला पसरू शकत नाही आणि पाटाच्या वळणांनी बरीच दूर जाते. पातळ पत्रा हाही ध्वनीसाठी पाटच आहे. त्याचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग हे दोन काठ. आत शिरलेला ध्वनी या दोन पृष्ठभागांवर पुन्हा पुन्हा आपटतो, परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि त्यातून पत्र्याच्या लांबीने धावणारी एकच लहर तयार होते. वाट आखून दिलेल्या अशा लहरींना गाइडेड वेव्ह म्हणतात. पत्र्यातल्या अशा लहरींचं गणित इंग्लंडचे होरेस लॅम्ब यांनी १९१७ साली मांडलं, म्हणून त्या लॅम्ब लहरी. विजापूरच्या गोल घुमटात सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडच्या बाजूला ऐकू येतं, तेही वाकड्या भिंतीने आवाजाला वाट आखून दिल्यामुळेच. सी. व्ही. रामन यांनी अशा घुमटांचा अभ्यास केला होता.

लॅम्ब यांचं काम कितीतरी वर्षं कागदावरच राहिलं. तपासणीसाठी त्याचा विचार सुरू झाला तो १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आणि विमानाच्या चिकटवलेल्या सांध्यांसाठी जोरात काम झालं ते १९९० च्या दशकात. त्यात पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या जोसेफ रोझ यांचं नाव आवर्जून घ्यायला हवं. नाण्याच्या टकटकीचं कोडं सोडवणारे पीटर कॉलीही लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात याच लहरींकडे वळले. जमिनीखालून किंवा उष्णतारोधक वेष्टनातून जाणाऱ्या नळांत एका जागी पट्टा बांधून कित्येक मीटर अंतरावरचा गंज शोधण्याची त्यांच्या गटाने रुळवलेली पद्धत आज तेल आणि रसायन उद्योगात सर्रास वापरली जाते.

चौकट: लॅम्ब लहरींच्या दोन चाली

पहिल्या चालीत पत्र्याचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग आरशासारखे विरुद्ध दिशांना हलतात: पत्रा कुठे किंचित फुगतो, कुठे किंचित आवळतो. मुख्य हालचाल पत्र्याच्या लांबीने होते. ही सममित चाल. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे ५,४०० मीटर.

दुसऱ्या चालीत दोन्ही पृष्ठभाग एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात, म्हणजे सगळा पत्राच लवतो. ही प्रतिसममित चाल बरीच हळू असते. १ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात सेकंदाला २ लाख कंपनांची लहर सोडली, तर पहिल्या चालीची तरंगलांबी सुमारे २७ मिलिमीटर भरते आणि दुसरीची जेमतेम ६ ते ७ मिलिमीटर. लहान दोष शोधायला आखूड तरंगलांबी बरी. लांबवर जायला पहिली चाल बरी.

कंपनं वाढवली की आणखी चाली उगवतात आणि संदेश वाचणं अवघड होतं.

सांध्यात शिरल्यावर

आता दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून चिकटवल्या आहेत अशी कल्पना करा. डावीकडच्या पत्र्यातून लहर येते. उजवीकडच्या पत्र्यात जायचं तर तिला गोंदातूनच जावं लागतं, कारण दुसरा रस्ताच नाही. घट्ट चिकटलेल्या भागात पहिल्या पत्र्याची हालचाल गोंदातून दुसऱ्या पत्र्याला ओढते आणि दोन्ही पत्रे मिळून एकाच जाड पत्र्यासारखे हलू लागतात. जिथे गोंद सुटलाय तिथे मधे हवा असते आणि हवेतून ही हालचाल पलीकडे जवळजवळ पोहोचतच नाही. सांध्याचा मोठा भाग सुटला असेल तर पलीकडचा संदेश क्षीण होतो.

इतपत सरळ आहे. पण प्रत्येक चिकटवलेल्या रचनेत असंच घडतं असं नाही, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हलका गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली पातळ कवचं, अशी रचना विमानांच्या सुकाणूंत फार वापरतात. वरच्या कवचातून लहर धावते तेव्हा तिची ऊर्जा सतत गोंदातून गाभ्यात झिरपत असते. जिथे कवच गाभ्यापासून सुटलंय तिथे हे झिरपणं थांबतं. त्या तुकड्यापुरता पत्रा मोकळा होतो आणि लहर कमी न होता पुढे जाते. म्हणजे एकावर एक चिकटवलेल्या पत्र्यांच्या सांध्यात दोष वाढला की संदेश क्षीण होतो, आणि गाभ्याच्या रचनेत दोष वाढला की संदेश जोरकस होऊ शकतो. कुठला बदल म्हणजे बिघाड, हे त्या विशिष्ट रचनेचं गणित आधी केल्याशिवाय सांगता येत नाही.

या सुकाणूंबद्दलची काळजी पुस्तकी नाही. ६ मार्च २००५ रोजी क्युबातल्या व्हराडेरोहून क्युबेकला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३१० विमानाचं सुकाणू हवेतच तुटून पडलं. विमान सुखरूप परतलं. गाभ्यापासून कवच सुटणं किंवा गाभाच चिरणं, ही दोन कारणं कॅनडाच्या चौकशीत संभाव्य मानली गेली, आणि त्या वेळची तपासणीची पद्धत असे दोष पकडायला पुरेशी नव्हती, असंही नोंदवलं गेलं.

लहर निवडतानाही डोळसपणा लागतो. काही चालींत, काही विशिष्ट कंपनसंख्येला, गोंदाच्या पातळीवर हालचालच जवळजवळ शून्य असते. अशी लहर सांध्यातून जाईल आणि गोंद आहे की नाही याची तिला गंधवार्ताही लागणार नाही. गोंदाच्या थराला सर्वाधिक घासणारी, खेचणारी चाल निवडणं हे या विद्येतलं खरं कौशल्य आहे. जोसेफ रोझ यांच्यासारख्या संशोधकांचा भर यावरच होता.

जागा कशी सापडते

लहर सोडायला आणि ऐकायला एकच वस्तू वापरतात: पायझोइलेक्ट्रिक पदार्थाची रुपयाहून लहान, पातळ चकती. तिला विजेचा दाब दिला की ती किंचित पसरते-आवळते, आणि तिला हलवलं की तीच वीज निर्माण करते. यातला दुसरा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली स्फटिकांत दाखवला होता. आज त्यासाठी शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची सिरॅमिक चकती वापरतात.

अशा सहा-आठ चकत्या पत्र्यावर कायमच्या बसवून ठेवतात. एक बोलते, बाकीच्या ऐकतात. मग दुसरी बोलते. रचना नवी आणि निर्दोष असताना सगळ्या जोड्यांच्या नोंदी घेऊन ठेवायच्या. काही महिन्यांनी पुन्हा घ्यायच्या आणि जुनी नोंद नव्या नोंदीतून वजा करायची. काहीच बदललं नसेल तर वजाबाकी शून्याजवळ येते. बदल झाला असेल तर एक नवा क्षीण प्रतिध्वनी उरतो. तो किती वेळाने आला यावरून बोलणाऱ्या चकतीपासून दोषापर्यंत आणि दोषापासून ऐकणाऱ्या चकतीपर्यंत मिळून किती अंतर कापलं गेलं ते निघतं. एवढं अंतर भरेल अशा सगळ्या जागा एका लंबवर्तुळावर असतात. दुसऱ्या जोडीचं दुसरं लंबवर्तुळ, तिसरीचं तिसरं. ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोष.

प्रयोगशाळेत हे सुरेख जमतं. उडणाऱ्या विमानावर तपमान आडवं येतं. ऊन लागलं की अ‍ॅल्युमिनियम किंचित मऊ होतं, गोंद त्याहून जास्त मऊ होतो, आणि लहर थोडी उशिरा पोहोचते. सकाळच्या नोंदीतून दुपारची नोंद वजा केली तर काही न बिघडताही मोठी बाकी उरते, आणि खऱ्या दोषाचा क्षीण प्रतिध्वनी तीत बुडून जातो. म्हणून वेगवेगळ्या तपमानांच्या नोंदींचा साठा ठेवून त्यातली सर्वांत जवळची निवडतात, किंवा नोंद गणिताने ताणून-आवळून जुळवून घेतात. शिवाय चकतीसुद्धा पत्र्याला गोंदानेच चिकटवलेली असते. तीच सुटली तर पत्रा बिघडल्याची खोटी हाकाटी होईल, म्हणून चकतीची विद्युत धारिता मोजून तिचीही तब्येत अधूनमधून पाहावी लागते.

स्पर्श आहे, पकड नाही

आतापर्यंत बोललो ते गोंद पूर्ण सुटून मधे हवा आलेल्या जागेबद्दल. या कामात गाइडेड वेव्ह आज भरवशाच्या आहेत, असं म्हणायला हरकत नाही. खरी अवघड जागा पुढे आहे. चिकटवण्याआधी पत्र्यावर तेलाचा पुसट थर राहिला, हाताचे ठसे राहिले किंवा साच्याला लावलेल्या वंगणाचा अंश राहिला, तर गोंद पत्र्याला पूर्ण टेकतो, मधे हवेची फट राहत नाही, पण तो पत्र्याला धरत नाही. जाणकार याला किसिंग बाँड म्हणतात. लहर अशा जागेतून जवळपास निर्वेध जाते, कारण तिचं काम स्पर्शावर भागतं. ती पत्र्यांना ज्या जोराने हलवते तो जोर इतका क्षुल्लक असतो की गोंदाच्या ताकदीची परीक्षाच होत नाही. लहरीला गोंदाचा ताठपणा कळतो, तो किती भाराला तुटेल हे कळत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून केलेले दावे मी संशयाने वाचतो, आणि वाचकांनीही तसेच वाचावेत असं मला मनापासून वाटतं.

विमानांच्या नियमांतही हीच जाणीव आहे. सांधा सुटल्यास विमान धोक्यात येईल अशा ठिकाणी अमेरिकेच्या नियमाने तीन वाटा दिल्या: सुटलेली जागा ठरावीक मर्यादेपलीकडे पसरू नये अशी रचना करा, किंवा तयार केलेला प्रत्येक भाग प्रत्यक्ष भार देऊन तपासा, किंवा प्रत्येक सांध्याची ताकद खात्रीने सांगणारी विनाविध्वंस तपासणी करा. तिसरी वाट कागदावर आहे. सर्वमान्य अशी तपासणी अजून कुणाच्या हाती नाही. म्हणून उत्तम चिकटवलेल्या सांध्यातही अभियंते अधूनमधून बोल्ट मारतात. गोंद सुटलाच तर तो पुढच्या बोल्टपाशी थांबावा, एवढंच त्या बोल्टचं काम.

तिसऱ्या वाटेवर दोन प्रयत्न विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. एकात जोरदार लहर पाठवतात. नुसता टेकलेला पृष्ठभाग लहरीच्या ओढीत किंचित उघडतो आणि दाबात मिटतो, आणि या उघडझापीमुळे पाठवलेल्या कंपनसंख्येच्या दुपटीची एक नवी लहर जन्मते. २ लाख कंपनं पाठवली आणि ४ लाखांची परतली तर संशय घ्यायचा. अडचण अशी की तपासणीची उपकरणंही अशी दुप्पट कंपनं थोडीफार निर्माण करतात. दुसऱ्या प्रयत्नात लेझरच्या तीव्र स्पंदाने पत्र्यात धक्कालहर सोडतात. ती मागच्या पृष्ठभागावरून परतताना गोंदाला नेमक्या मापाने खेचते. चांगला गोंद टिकतो, कच्चा तिथल्या तिथे सुटतो, आणि मग तो साध्या अल्ट्रासाउंडलाही दिसतो.

तोवर कारखान्यात भरवसा तयारीवरच. पत्रा रसायनांनी साफ करून त्यावर शुद्ध पाणी सोडतात. पाणी अखंड पापुद्र्यासारखं पसरलं तर पत्रा स्वच्छ. कुठे थेंब जमले तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. मूळ भागाबरोबरच, त्याच गोंदाने आणि त्याच भट्टीत, काही छोट्या पट्ट्याही चिकटवतात आणि नंतर त्या यंत्रात ओढून फाडतात. फाटताना गोंद मधोमध तुटला आणि दोन्ही पत्र्यांना चिकटून राहिला, तर पकड चांगली होती. एक पत्रा कोरा करकरीत निघाला तर त्या भट्टीतला सगळा माल बाजूला काढला जातो.